दोन मिलिमीटरची गोगलगाय, आणि तिला नाव द्यायची घाई

पोरी,

तुझा मेल वाचला, फोटो पण झूम करकरून बघितले. चेरापुंजीच्या चुनखडीवरची ही गोगलगाय डिप्लोमॅटिना या जीनसमधलीच (जवळच्या स्पीशीजच्या गटातली) आहे, त्यात मला शंका नाही. उभट शंख, बारीक बारीक रिब्ज म्हणजे शंखावरच्या उभ्या कंगोऱ्या, शेवटून दुसरं वेटोळं फुगलेलं आणि तोंडाच्या आत तो दातासारखा उंचवटा. पण तू विचारतेस तशी ती नवीन स्पीशीज आहे का, हे फोटोवरून मी सांगणार नाही आणि तू पण इतक्यात कुणाला सांगू नकोस. व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'न्यू स्पीशीज' असं टाकलंस की मग तुलाच ती नवीन असायला हवी असते, आणि तिथून पुढे डोळे नीट काम करत नाहीत.

तू जिथे गेलीस ना, तिथे पावणेदोनशे वर्षांपासून लोक गोगलगायी गोळा करतायत. डिप्लोमॅटिना हे जीनसचं नावच शंखांचा अभ्यासक बेन्सन याने १८४९ साली दिलंय. नंतर गॉडविन-ऑस्टिन, म्हणजे के-टू शिखराच्या सर्व्हेमुळे ज्याचं नाव लोकांना माहीत असतं तोच, त्याने खासी टेकड्यांमधल्या कितीतरी गोगलगायींची वर्णनं लिहिली. हे सगळं गूडने १९२१ साली 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या पुस्तकमालेतल्या मोलस्काच्या (गोगलगायी-शिंपल्यांच्या) तिसऱ्या खंडात एकत्र आणलं, आणि तो खंड नेटवर फुकट मिळतो. तिथून सुरुवात कर. आणि एक दिवस काढून फोर्टमध्ये हॉर्नबिल हाउसला जा, बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या) लायब्ररीत बसून जुने पेपर चाळ, कारण स्क्रीनवर आपण हवं तेवढंच शोधतो आणि कागद उलटताना शेजारच्या पानावरचं पण दिसतं.

आता खरी अडचण इथे आहे की ती जुनी वर्णनं म्हणजे लॅटिनमधल्या चार-पाच ओळी, चित्र बऱ्याचदा नाहीच. 'शंख उभट, रिब्ज बारीक, तोंड गोल' हे तर निम्म्या डिप्लोमॅटिनांना लागू पडतं. म्हणून टाइप बघावाच लागतो, म्हणजे ज्या शंखावरून ते नाव दिलं गेलं तो प्रत्यक्ष शंख. बेन्सनचं कलेक्शन केंब्रिजला आहे, गॉडविन-ऑस्टिनचं लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये, आणि जुन्या इंडियन म्युझियमचं कलेक्शन कोलकात्याला झेडएसआयकडे, म्हणजे झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाकडे. क्युरेटरला सभ्यपणे, मोजकं आणि नेमकं लिही, कुठल्या स्पीशीजचा टाइप, कुठल्या बाजूंनी फोटो हवेत, त्यांचं काम सोपं केलंस तर फोटो मिळायची शक्यता खूप वाढते. उत्तर यायला महिने लागले तरी चालेल. या कामाचा सगळ्यात कंटाळवाणा भाग हाच आणि पेपर उभा राहतो तो पण यावरच.

दुसरं, तुझ्याकडे शंख फार कमी आहेत आणि त्यातले दोन तर पिल्लांचे वाटतायत. डिप्लोमॅटिना मोठी झाली की तोंडाची कड जाड होऊन बाहेर वळते आणि मग वाढ थांबते, त्यामुळे कड नसलेल्या शंखाची उंची मोजून काहीच कळत नाही. शिवाय यांच्यात नर-मादी वेगळे असतात, आपल्या बागेतल्या गोगलगायींसारखं एकाच शरीरात दोन्ही नसतं, त्यामुळे नर-मादीच्या मापात पण फरक असू शकतो. भरपूर मोठे शंख हातात आले, त्यांची उंची, रुंदी, वेटोळी, एका वेटोळ्यावरच्या रिब्ज असं सगळं मोजलंस, की मग कळेल की तुझा 'फरक' खरंच फरक आहे की एकाच टेकडीवरच्या भावंडांमधला आहे. माझं स्पष्ट मत आहे की एका शंखावर स्पीशीज उभी करायची नाही, दुसरा काही इलाजच नसेल तर गोष्ट वेगळी.

शंख मिळवायला खूप धडपड लागत नाही. कड्याच्या पायथ्याशी, खडकाच्या फटींखाली जी माती आणि पालापाचोळा साठतो तो पिशवीत भरून आण, घरी सावलीत पूर्ण वाळव, मोठ्या चाळणीने खडे-पानं काढ आणि उरलेलं पाण्याच्या बादलीत सोड. रिकाम्या शंखात हवा असते म्हणून ते तरंगतात, माती खाली बसते. वर आलेलं रव्याच्या चाळणीत गाळून वाळव आणि मायक्रोस्कोपखाली ओल्या ब्रशच्या टोकाने एकेक उचल. जिवंत मात्र पावसात, ओल्या खडकावर टॉर्च आणि भिंग घेऊन शोधायच्या. त्यांचं शरीर आणि डीएनए हवा म्हणून काही अल्कोहोलमध्ये ठेव. फॉर्मलिन अजिबात नको, ते हळूहळू आम्लधर्मी होतं आणि शंख खातं. लाकडी ड्रॉवर, पुठ्ठ्याच्या डब्या यांच्यातून पण आम्लाची वाफ निघते आणि वर्षानुवर्षांत शंखावर पांढरी बुरशीसारखी पूड चढते, ती बुरशी नसतेच, शंखाचा कॅल्शियमच असतो. काचेच्या छोट्या कुप्या वापर. आणि एसईएमसाठी, म्हणजे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या फोटोंसाठी, सोन्याचा थर द्यायचा तो दुसऱ्या शंखांना, होलोटाइपला, म्हणजे नाव ज्याच्यावर टिकतं त्या एका मुख्य शंखाला नाही.

इथे आपल्या मुंबईत पायाखाली जवळजवळ सगळा बेसॉल्ट, चुनखडीचा डोंगर नाही, आणि गोगलगाय म्हटलं की लोकांना पावसाळ्यात सोसायटीच्या भिंतीवर चढणारी आफ्रिकन गोगलगायच आठवते. पण वसईच्या किल्ल्यासारख्या जुन्या चुन्याच्या भिंती पावसात भिंगाने बघ, डोळ्याला लहान बघायची सवय लागेल. महाराष्ट्रात चुनखडी बघायची तर वणी, राजुरा, कोरपना, गडचांदूरकडे, तिथे पण एकदा पावसाळ्यात जाऊन बघच.

चुनखडीच का, हे पेपरच्या इंट्रोडक्शनमध्ये नीट लिही, चार छापील वाक्यांत उरकू नकोस. शंख म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, तो इथे हवा तेवढा मिळतो, आणि हे जीव आयुष्यभरात फार लांब जात नाहीत. दोन डोंगरांच्या मध्ये शेती किंवा दुसरा दगड आला की तो यांच्यासाठी समुद्रच. म्हणून एका डोंगरावर सापडणारी स्पीशीज दुसरीकडे कुठेच नसते असं होतं. आणि किती लहान असू शकतात बघ, व्हिएतनामची अँगुस्टोपिला सॅमियन, २०२२ साली वर्णन झालेली, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास उंच, खसखशीच्या दाण्याहून लहान, आणि तेवढ्यात अख्खा प्राणी!

याच्यामुळेच मी तुला घाई नको म्हणते आणि ढिलाई पण नको म्हणते. मलेशियात बुकित पांचिंग नावाचा चुनखडीचा डोंगर खाणीत अख्खा गेला आणि त्याच्याबरोबर फक्त तिथेच राहणारी प्लेक्टोस्टोमा सायाफिलम पण गेली, धोक्यातल्या जिवांची नोंद ठेवणाऱ्या आययूसीएनच्या यादीत ती आता नामशेष आहे. तिला नाव होतं म्हणून ती गेली हे आपल्याला कळलं तरी. मेघालयात पण चुनखडीच्या खाणी आहेत, तू स्वतः बघून आलीस. नाव नसलेल्या जिवाबद्दल कुठल्याच फाइलमध्ये ओळ लिहिता येत नाही. म्हणून टाइपच्या फोटोंची वाट बघ, पण तोवर हातावर हात ठेवून बसू नकोस, मोजमापं, ड्रॉइंग, डीएनए सगळं तयार ठेव. परफेक्ट पेपरच्या नादात पाच वर्षं काढणारे लोक मला आवडत नाहीत, मग काम कितीही सुंदर असो.

नियमांचं थोडक्यात सांगते. होलोटाइप कुठला आणि कुठल्या संस्थेत ठेवला हे पेपरात स्पष्ट हवं. जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे नवीन टॅक्सॉनचे, म्हणजे नवीन स्पीशीज वगैरेंचे, नमुने ठरलेल्या रिपॉझिटरीत (नमुने जपणाऱ्या संस्थेत) द्यावे लागतात, पुण्याला आकुर्डीत झेडएसआयचं सेंटर आहे, त्यांच्याशी आधीच बोल. नुसता ऑनलाइन निघणारा जर्नल असेल तर झूबँकचं (प्राण्यांच्या नावांच्या ऑनलाइन नोंदवहीचं) रजिस्ट्रेशन पेपरमध्ये छापलेलं पाहिजे, नाहीतर नाव ग्राह्यच धरत नाहीत. पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या जर्नलकडे बघू पण नकोस. परत जाताना गावच्या दोरबारची (खासी ग्रामसभेची) परवानगी पुन्हा घे, तिकडे जमीन लोकांची असते, आणि पेपर आला की त्यांना एक प्रिंट नेऊन दे. नावासाठी माझा विचार करत असशील तर तो सोडून दे, त्या गावाचं नाव दे, ज्यांनी तुला कडा दाखवला त्यांना विचारून.

पुढच्या मेलमध्ये प्रत्येक शंखाचा समोरून, बाजूने आणि मागून असा फोटो पाठव, स्केलसकट. आणि कुप्यांमधली लेबलं पेन्सिलने लिहून पुन्हा कर, तू जेल पेनने लिहिलेली दिसतायत, ती शाई अल्कोहोलमध्ये उतरते.

तुझी,
मॅडम