वाचकांचे प्रश्न : छोट्या व्हिडिओंसाठी ॲनिमेशनचे कोणते सॉफ्टवेअर निवडावे?

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. परिसर अभ्यास आणि मराठीच्या पाठांसाठी दोन-अडीच मिनिटांचे ॲनिमेशन व्हिडिओ स्वतः तयार करावेत, असे फार दिवसांपासून मनात आहे. शाळेत ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप असून त्याची बॅटरी गेल्यामुळे तो लाइन असेल तेव्हाच चालतो. नेट माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून घ्यावे लागते. कागदावर चित्रे बऱ्यापैकी काढता येतात, संगणकावर कधी काढलेली नाहीत. कोणी पॉवटून सुचवते, कोणी ब्लेंडर. मी काय निवडावे?

उत्तर : सॉफ्टवेअरचे नाव ठरवण्याआधी आपल्या व्हिडिओत काय हलणार आहे आणि ते कसे हलणार आहे, हे ठरवावे. कारण प्रत्येक चित्र हाताने काढून चालवण्याची साधने वेगळी, दोन स्थिती दिल्या की मधली हालचाल संगणकाकडून भरून घेणारी साधने वेगळी, आणि खऱ्या वस्तू थोड्या थोड्या सरकवून फोटो घेण्याची साधने आणखी वेगळी असतात. आपली चित्रकला, लॅपटॉप आणि विजेची स्थिती पाहता पहिला आणि तिसरा मार्ग आपल्याला सोयीचा आहे.

पॉवटून, ॲनिमेकर, कॅन्वा ही साधने मुख्यतः ब्राउझरमध्ये चालतात. त्यांत तयार पात्रे आणि तयार पार्श्वभूमी मिळत असल्याने पहिला व्हिडिओ एका दुपारीही होऊ शकतो, हा त्यांचा मोठा गुण आहे. मात्र काम सुरू असेपर्यंत नेट लागते, आणि पॉवटून किंवा ॲनिमेकर मोफत वापरल्यास व्हिडिओवर त्यांची खूण उमटते. माझा आक्षेप याहून वेगळा आहे. या संग्रहांतील माणसे बहुधा टाय लावून काचेच्या कार्यालयात उभी असतात. पऱ्हाटीच्या तासात वाकून कापूस वेचणारी बाई त्यांत शोधूनही सापडत नाही, आणि ती बाई वर्गातल्या निम्म्या मुलांची आई असते. आपल्याला चित्र काढता येत असताना उसनी पात्रे घेण्याचे कारण मला दिसत नाही.

ब्लेंडर पूर्णपणे मोफत आहे आणि त्यात द्विमितीय चित्रेही काढता येतात. एवढेच कशाला, २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळवणारा चित्रपटही त्यावरच तयार झाला. तरीही ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर ते नवशिक्याची परीक्षा पाहील. ओपनटून्झ हे जपानच्या जिब्ली स्टुडिओत वापरल्या गेलेल्या सॉफ्टवेअरचे २०१६ पासून मोफत मिळणारे रूप आहे. साधन उत्तम आहे, पण त्याचे पडदाभर पसरलेले पर्याय पाहूनच शिकणारा थकतो. सिनफिग दोन स्थितींमधली हालचाल स्वतः भरते, म्हणून पुढे कधीतरी ते अवश्य पाहावे.

आपण पेन्सिल टूडी घ्यावे, असे माझे मत आहे. ते मोफत आणि मुक्त स्रोताचे आहे, विंडोज व लिनक्स दोन्हींवर चालते, आणि एकदा उतरवून घेतल्यावर त्याला नेट लागत नाही. त्यात चित्रांचे थर, आवाजाचा थर आणि कॅमेऱ्याचा थर एवढीच मुख्य सामग्री असल्याने बटणांच्या गर्दीत माणूस हरवत नाही. त्यातील ‘अनियन स्किन’ ही सोय सर्वांत आधी शिकावी. ती सुरू केली की आधीचे चित्र फिकट रंगात खाली दिसत राहते, आणि हात किती सरकवायचा याचा अंदाज डोळ्यांनाच येतो.

आता थोडा हिशेब. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी, म्हणजे एकामागून एक दिसणाऱ्या २४ स्थिर चित्रांनी, चालतो; आपण १२ ठेवल्या तरी हालचाल पुरेशी सलग दिसते. तरीसुद्धा अडीच मिनिटांसाठी १८०० चौकटी होतात, आणि हा आकडा पाहूनच अनेकजण पहिल्याच आठवड्यात काम सोडतात. प्रत्यक्षात एवढी चित्रे काढावी लागत नाहीत. पेन्सिल टूडीमध्ये एक चित्र पुढचे चित्र येईपर्यंत पडद्यावर टिकून राहते, त्यामुळे पार्श्वभूमी एकदाच काढून तिच्यावरच्या थरात फक्त हात किंवा ओठ हलवता येतात. चालणाऱ्या माणसाची आठ चित्रे नीट जमली, की तीच पुन्हा पुन्हा लावून तो हव्या तेवढ्या अंतरावर नेता येतो. बैलाचे चार पाय जुळवणे मात्र पहिल्या महिन्यात अंगावर घेऊ नये. बैलजोडी तुरीच्या ओळीमागून जाताना दाखवावी. पाय झाकले जातात, पाठ आणि शिंगे वर-खाली होत पुढे सरकतात, आणि मुलांना जोडी चालल्याचे पुरते पटते. व्यावसायिक लोकही ही युक्ती सर्रास वापरतात.

माउसने रेघ ओढणे सुरुवातीला त्रासाचे वाटेल. त्यावर उपाय असा, की चित्र कागदावर जाड काळ्या पेनने काढावे, दिवसाच्या सारख्या उजेडात मोबाइलने त्याचा सरळ वरून फोटो घ्यावा आणि तो पेन्सिल टूडीमध्ये आणून त्यावरून गिरवावे. मराठी शीर्षकासाठी लिब्रेऑफिस इम्प्रेस किंवा पॉवरपॉइंटमध्ये युनिकोड फॉन्टने मजकूर टंकित करावा, ती स्लाइड चित्र म्हणून जतन करावी आणि व्हिडिओत जोडावी. अनेक परदेशी साधनांत थेट टाइप केल्यास वेलांट्या आणि जोडाक्षरे विस्कटतात. या मार्गाने ती अडचण उरत नाही.

आवाज मात्र चित्रांच्या आधी रेकॉर्ड करावा. वाक्य किती सेकंदांचे आहे हे कळल्याशिवाय चित्रे किती लागतील हे कळत नाही, आणि उलटा क्रम धरला तर चित्रे संपतात पण बाई बोलतच राहतात. टिनाच्या छपराखाली, पंखा सुरू असताना रेकॉर्डिंग करू नये. आपल्याकडे भाव वाढेल या आशेने घराच्या खोलीत कापूस भरून ठेवलेला असतो. ती खोली आवाज घुमू देत नाही, म्हणून रेकॉर्डिंगला फार चांगली (अंगाला खाज सुटते तो भाग वेगळा). फाइल वेव्ह किंवा एमपी३ स्वरूपात ठेवावी. काटछाट करायला ऑडॅसिटी आणि शेवटची जोडणी करायला शॉटकट ही दोन्ही मोफत साधने पुरतात.

बॅटरी नसल्यामुळे दर पाच-दहा चित्रांनी काम जतन करण्याची सवय लावावी, आणि तयार व्हिडिओ बाहेर काढण्याचे काम लाइन जाण्याच्या वेळेच्या तोंडावर सुरू करू नये. पहिला व्हिडिओ अडीच मिनिटांचा नको. वीस सेकंदांचा, एकाच पात्राचा करावा आणि तो वर्गात दाखवूनच पुढचा हाती घ्यावा.

प्रश्न : मी चंद्रपूर जिल्ह्यातील शेतकरी आहे. आमच्या गटाच्या व्हॉट्सॲपसाठी गुलाबी बोंडअळीवर एक-दीड मिनिटाचा व्हिडिओ करायचा आहे. लॅपटॉप नाही, साधा अँड्रॉइड फोन आहे. जमेल का?

उत्तर : जमेल, आणि विषयही ॲनिमेशनला साजेसा आहे. अळी बोंडात शिरल्यावर तिचे छिद्र बुजून जाते आणि ती आत सरकी खात राहते. हे कॅमेऱ्याने दाखवता येत नाही, चित्राने येते. त्यामुळे डोमकळी (अळीमुळे न उमलता मिटून राहिलेले फूल), कामगंध सापळा (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढून पकडणारा) आणि फुटलेले किडके बोंड यांचे खरे चित्रीकरण शेतात जाऊन करावे, आणि बोंडाच्या आतले तेवढेच काढून दाखवावे. यासाठी फोनवर फ्लिपाक्लिप पुरेसे आहे. त्याच्या मोफत आवृत्तीत थरांची संख्या मर्यादित असते आणि व्हिडिओवर त्यांची खूण येते, पण गटातल्या लोकांना त्याचे काही वाटणार नाही.

चित्रकलेचा हात नसेल तर स्टॉप मोशन स्टुडिओ हे ॲप घ्यावे. ओल्या मातीचे अर्धे कापलेले बोंड करावे, कणकेत हळद-कुंकू मिसळून अळी वळावी, आणि ती नखभर सरकवून एक फोटो, पुन्हा नखभर सरकवून एक फोटो, असे घेत जावे. दादासाहेब फाळके यांनी चित्रपटासाठी भांडवल मिळवताना वाटाण्याचे बी रुजून वाढण्याची क्रिया अशीच चौकट-चौकट टिपून दाखवली होती. तंत्र तेच आहे. फोन हलू नये म्हणून तो दोन विटांच्या फटीत घट्ट बसवावा. फोकस आणि उजेड कुलूपबंद करण्याची सोय ॲपमध्ये असते, ती वापरावी. नाहीतर फोन प्रत्येक फोटोला स्वतःच उजेड कमी-जास्त करतो आणि व्हिडिओ लुकलुकतो. खिडकीतले ऊन सरकत असते, म्हणून काम रात्री एकाच दिव्याखाली केलेले बरे. तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी घरात असेल तर आधी त्याच्यावर सराव करावा. त्याला चाके असल्यामुळे तो सरळ रेषेत सरकतो आणि किती सरकवला की किती वेग दिसतो, हे लवकर हाताला कळते.

व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून लहान करते, त्यात बारीक रेघा आणि लहान अक्षरे पुसट होतात. रेघा जाड ठेवाव्यात, एका वेळी पडद्यावर चार-पाच शब्दांहून अधिक मजकूर नसावा, आणि मूळ स्पष्टता हवी असेल तर फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. निवेदन वऱ्हाडीत करावे की झाडी बोलीत, हे ऐकणाऱ्यांवर ठरवा. पुस्तकी मराठीचा आग्रह नको. औषधाचे नाव आणि प्रमाण सांगणार असाल, तर तेवढा मजकूर पाठवण्यापूर्वी कृषी विज्ञान केंद्रातून तपासून घ्यावा, कारण असा व्हिडिओ एकदा गटाबाहेर गेला की परत घेता येत नाही.

प्रश्न : तालुक्याच्या ठिकाणी एका क्लासमध्ये फ्लॅश ॲनिमेशनचा कोर्स आहे. फी भरावी का?

उत्तर : भरू नये. ॲडोबीने फ्लॅश प्लेअरचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद केला आणि ब्राउझरमधून फ्लॅश केव्हाच हद्दपार झाले आहे. असे क्लास सहसा पेन ड्राइव्हवरून क्रॅक केलेली जुनी प्रत देतात; ती बेकायदा असते आणि तिच्यासोबत व्हायरसही घरी येतो. ज्यांना समोर बसून शिकवणारा माणूस हवाच आहे, त्यांनी क्लासमध्ये चौकशी करताना दोन गोष्टी विचाराव्यात : कोर्स संपल्यावर हेच सॉफ्टवेअर घरी कायदेशीरपणे आणि किती खर्चात वापरता येईल, आणि आधीच्या विद्यार्थ्यांनी पूर्ण केलेला एखादा व्हिडिओ आता लगेच दाखवता येईल का.