बोअरच्या पाण्यात दाढीचा फेस

प्रश्न : सदाशिव पेठेतून वाघोलीला राहायला आलो. साबण तोच, ब्रश तोच. पण एक गाल होतो न होतो तोच फेस बसतो आणि दुसऱ्या गालावर नुसतं पांढरं पाणी उरतं. सोसायटीला बोअरचं आणि टँकरचं पाणी आहे. साबण बदलावा का?

उत्तर : साबणाचा दोष नाही, पाणी बदललंय. पेठांत येतं ते खडकवासल्याचं, म्हणजे मुख्यतः पावसाचं साठवलेलं पाणी. त्यात क्षार कमी. बोअरचं पाणी काळ्या बेसॉल्टच्या भेगांत मुरलेलं असतं आणि खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम त्यात उतरलेलं असतं. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्ल या स्निग्धाम्लाचे पोटॅशियम आणि सोडियम क्षार असतात. त्यांना कॅल्शियम भेटलं की कॅल्शियम स्टिअरेट तयार होतं, आणि ते पाण्यात विरघळत नाही. बेसिनच्या कडेला जमणारी चिकट राखाडी रेघ ती हीच.

आता हिशेब पाहा. पाण्याचा कठीणपणा, म्हणजे त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात लिटरला ३०० मिलिग्रॅम असेल आणि फेसात २० मिलिलिटर पाणी जात असेल, तर ते जेमतेम ०.०४ ग्रॅम साबण वाया घालवतं. ब्रशवर ग्रॅमभर साबण घेतलेला असेल तर हे नुकसान किरकोळ आहे. पण तयार झालेले न विरघळणारे कण बुडबुड्यांच्या पातळ पडद्यात शिरतात आणि ते फाडतात. त्यातून बहुतेक जण ब्रश निथळता ठेवूनच साबणावर फिरवतात, त्यामुळे साबण कमी आणि कठीण पाणी जास्त असं होतं. उपाय नेमका उलटा : साबण जास्त, पाणी कमी, आणि तेही थोडं थोडं.

डुकराच्या केसांचा ब्रश असेल तर दोन मिनिटं भिजवा. सिंथेटिकला नुसतं ओलं करणं पुरतं. मग ब्रश जोरात झटका, पिळू नका. वडीवर एरवी १५ सेकंद फिरवत असाल तर इथे ३० ते ४० सेकंद फिरवा. ट्यूबमधलं क्रीम असेल तर हरभऱ्याएवढं न घेता सोललेल्या बदामाएवढं घ्या. केसांच्या टोकांवर श्रीखंडासारखा घट्ट लगदा दिसला पाहिजे. बुडबुडे दिसले तर ब्रश अजून फार ओला आहे. हा लगदा वाडग्यात घेऊन अर्धा-अर्धा चमचा पाणी घालत घोटा, दर वेळी साधारण २० सेकंद. एकूण तीन-चार चमचे पाणी जातं. फेस मंद चकाकू लागला आणि ब्रश उचलल्यावर टोक किंचित वाकलं की थांबा. चकाकी नसेल तर पाणी कमी आहे, ब्लेड ओढेल. डोळ्यांना दिसतील एवढे बुडबुडे आले तर पाणी जास्त झालं. तेव्हा घोटत बसू नका, ब्रश पुन्हा वडीवर फिरवा.

पाण्याचीच परीक्षा घ्यायची असेल तर दोन पारदर्शक बाटल्यांत प्रत्येकी १०० मिलिलिटर पाणी घ्या, एकीत नळाचं, दुसरीत आरओचं. दोन्हींत दाढीच्या साबणाचा सारखाच चिमूटभर किस टाका, दहा सेकंद हलवा, मिनिटभर थांबा. पाणी गढूळ होऊन वर साका तरंगला तर ते कठीण. यासाठी हँडवॉश किंवा भांड्यांचं लिक्विड वापरू नका. ते बहुधा डिटर्जंट असतं आणि कठीण पाण्यातही फेसाळतं.

प्रश्न : गिझरचं पाणी चालेल का? की उकळून घ्यावं? आरओचं पाणी दाढीला वापरणं म्हणजे उधळपट्टी वाटते.

उत्तर : उधळपट्टी मुळीच नाही. ब्रश भिजवणं, फेस घोटणं आणि दाढी ओली करणं या तिन्हींना मिळून एक पेलाभर पाणी पुरतं. रेझर नळाखाली खुशाल धुवा. फक्त शेवटी चेहऱ्यावरून आरओच्याच पाण्याचा हात फिरवा, नाहीतर उरलेला साबण कातडीवरच साका धरतो आणि गाल खरखरीत लागतात. मात्र आरओच्या दुसऱ्या नळीतून बादलीत पडणारं पाणी घेऊ नका. ते फरशी पुसायला ठीक, पण सगळे क्षार त्यातच साठलेले असतात, म्हणजे ते मूळ पाण्यापेक्षाही कठीण.

उकळल्याने बायकार्बोनेटमुळे आलेला कठीणपणा बराच उतरतो. दहा मिनिटं खळखळून उकळा, थंड होऊ द्या आणि तळाचा पांढरा थर न हलवता वरचं पाणी ओतून घ्या. सल्फेट आणि क्लोराइडचा कठीणपणा उकळून जात नाही. गिझरमध्ये पाणी तेवढं तापत नाही. कॉइलवर थोडा चुना बसतो, बाकीचा तुमच्या वाडग्यात येतो.

प्रश्न : सोसायटीने सॉफ्टनर बसवला, तरी टीडीएस मीटर आधीएवढाच आकडा दाखवतो. फसवणूक झाली का?

उत्तर : या आकड्यावरून तसं म्हणता येत नाही. सॉफ्टनरमधलं रेझिन कॅल्शियम, मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि त्या बदल्यात सोडियम सोडतं. एकूण विरघळलेले क्षार जवळपास तेवढेच राहतात, म्हणून टीडीएस हलत नाही. मोजायचा असतो तो कठीणपणा, आणि त्यासाठी थेंब टाकून रंग बघायचे किट मिळतात. किटचा आकडा वाढलेला आला तर रेझिनला पुन्हा ताजं करणारं मीठ वेळेवर दिलं जातंय का ते विचारा. भारतीय मानक आयएस १०५०० मध्ये पिण्याच्या पाण्याला लिटरला २०० मिलिग्रॅम कठीणपणा स्वीकार्य आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत मुभा. त्यामुळे पिण्यायोग्य पाण्यातही फेस बिघडू शकतो.

प्रश्न : पाण्यात लिंबूसत्त्व टाकलं की फेस सुधारतो असं ऐकलं. मी टाकलं तर उलट फुटला.

उत्तर : नुसतं सायट्रिक आम्ल जास्त झालं की साबणच फोडतं, त्यातलं स्निग्धाम्ल सुटं होतं. आधी ते खाण्याच्या सोड्याने शमवावं लागतं. एक लिटर पाण्यात पाव चमचा लिंबूसत्त्व विरघळवा, मग पाव चमच्याहून किंचित जास्त खाण्याचा सोडा हळूहळू घाला. फसफस थांबली की सोडियम सायट्रेट तयार झालं. ते कॅल्शियमला धरून ठेवतं आणि साबणाला मोकळं सोडतं. कठीणपणा ४०० पर्यंत असेल तर एवढं पुरतं, ६०० च्या आसपास असेल तर दोन्ही दुप्पट. पाणी दोन-तीन दिवसांत संपवा, त्यात बुरशी धरते. धुण्याचा सोडा मात्र चेहऱ्याच्या पाण्यात नको, तो कातडीला फार तीव्र आहे. वेष्टनावर टेट्रासोडियम ईडीटीए (हेही कॅल्शियम धरून ठेवणारं रसायन) लिहिलेला साबण असेल तर थोडं काम तोच करतो.

प्रश्न : ब्रशचे केस मुळाशी पांढरे आणि ताठ झालेत.

उत्तर : साका बसलाय. एक भाग पांढरं व्हिनेगर आणि दहा भाग कोमट पाणी घेऊन पाच मिनिटं ब्रश त्यात हलवा, मुळाशी बोटांनी चोळा, भरपूर धुवा. मूठ बुडवू नका, डिंक सैल होतो. रोज शेवटचं धुणं आरओच्या पाण्यात केलंत तर हे वारंवार करावं लागणार नाही.

प्रश्न : पाण्यात तुरटी फिरवली तर?

उत्तर : तुरटीने गाळ खाली बसतो, कठीणपणा जात नाही. उलट तिच्यातलं ॲल्युमिनियमही साबणाशी न विरघळणारा साका करतं. तुरटी दाढी झाल्यावर ओल्या गालावर फिरवा, आणि हात धुतल्याशिवाय ब्रशला लावू नका.