गाळ काढला, पुढे?

प्रिय पोरी,

ज्युनियर कॉलेजच्या रासेयोचा, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचा, चार्ज तुझ्याकडे आल्याचं कळलं. फार आनंद झाला. वर्षाचे १२० तास आणि सात दिवसांचं शिबिर, रजिस्टर भरलं की झालं, असं सांगणारे तुला भेटतील. रजिस्टर चोख ठेवच, पण तेवढ्यावर थांबू नकोस.

माझ्या पहिल्या शिबिरातली चूक सांगतो. मुलांनी दोन दिवस राबून शाळेमागचं गटार उपसलं. काळा गाळ काठावर रचला, फोटो काढले. चौथ्या दिवशी पाहतो तर निम्मा गाळ परत गटारात. अकरावीतली एक मुलगी हातात घमेलं धरून म्हणाली, "सर, हा उचलायचा कोणी?" मी गप्प. ग्रामपंचायतीला आधी विचारलंच नव्हतं.

दुपारी तिलाच अर्ज लिहायला बसवलं. तीनदा खाडाखोड झाली. गटार कुठून कुठपर्यंत, गाळ किती, ट्रॅक्टर कधी हवा, सगळं तिनं लिहिलं. ग्रामसेवकांनी अर्ज घेतला, तेव्हा पोच मागायला मात्र मी तिला कोपरानं ढोसलं. शिक्का बसलेला कागद तिनं सगळ्यांना फिरवून दाखवला. शिबिर संपायच्या आदल्या दिवशी ट्रॅक्टर आला.

संविधानातली ११ मूलभूत कर्तव्यं पाठ्यपुस्तकात सुरुवातीलाच छापलेली असतात. मुलं ते पान दहा वर्षं उलटत आलेली असतात. त्या पोचेच्या कागदानं जे शिकवलं, ते मला नागरिकशास्त्राच्या तासाला कधी जमलं नव्हतं. नुसतं राबवून घेतलं तर मुलांना वाटतं, आपण गावावर उपकार केले. काम कोणाचं होतं, पैसा कुठून येतो, ते का राहिलं, हे विचारायला लागली की ती नागरिक व्हायला लागतात. वर्षा-दोन वर्षांत त्यांना मतदानही करायचंय.

म्हणून गाव ठरलं की शिबिराच्या महिनाभर आधी चार मुलं घेऊन जा. बायकांशी बोला, पाण्याचं आणि गटाराचं दुखणं त्यांनाच ठाऊक असतं. सरपंचांना भेटा. शिबिर डिसेंबरात असेल तर २६ जानेवारीच्या ग्रामसभेला मुलांना पुन्हा ने, मागे बसून ऐकू दे.

आणि फावड्यांचे दांडे आधी तपासून घे. सैल दांड्यानं पहिल्याच दिवशी पोरांच्या हाताला फोड येतात.

तुझा,
सर