सुट्टीतला मोबाइल : आधी एप्रिलची दुपार सांभाळा

बेळगावातल्या वडगावच्या ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी चार वर्षांची. घरातच दोन माग, तुम्ही दिवसभर मागावर, मिस्टर उद्यमबागेत कामाला, सासूबाई थकलेल्या. सुट्टी लागल्यापासून मुलगा वरच्या खोलीत मोबाइल घेऊन बसतो, काढून घेतला की आदळआपट करतो. धाकटी मोबाइल समोर धरल्याशिवाय घास घेत नाही. वायफायच बंद करून टाकू का, असं तुम्ही विचारलंय.

माझं उत्तर, नको. मी बरीच वर्षं प्राथमिक शाळेत शिकवते आणि दर जूनमध्ये सुट्टीहून परतलेली मुलं बघते. घरचं नेट तोडलं की मुलं शेजारच्या कट्ट्यावर जाऊन दुसऱ्याच्या हॉटस्पॉटवर बघतात. तिथं काय बघतात ते मग तुम्हाला कळतही नाही.

आपल्याकडच्या सुट्टीची एक अडचण आहे, तिच्याकडे आधी बघा. कर्नाटकातल्या शाळा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास बंद होतात आणि मे अखेरीस उघडतात. तिकडं महाराष्ट्रात चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरच्या शाळांना मे उजाडेपर्यंत सुट्टी नसते, त्यांची शाळा जूनच्या मध्यावर सुरू होते. आपल्या अर्ध्या सोयरिकी त्या बाजूला. म्हणजे आपली मुलं मोकळी होतात तेव्हा मामाची, मावशीची मुलं परीक्षेच्या गडबडीत असतात. आजोळी जाऊन करायचं काय? एप्रिलचे हे तीन आठवडे मूल घरात एकटं असतं. त्यातही दुपारी एक ते चार जास्तच, कारण तेव्हा बाहेर ऊन, आजी आडवी झालेली आणि माग चालू. मोबाइलची सवय लागते ती याच तासांत. मे महिन्यात भावंडं आली की तोच मुलगा मोबाइल विसरून अंगणात असतो, हे तुम्हीही बघितलं असेल. म्हणून दिवसाचे किती तास मोबाइल, हा हिशेब थोडा नंतर करू. मुलगा कोणत्या वेळी एकटा आणि रिकामा असतो, ते आधी दोन दिवस नुसतं बघा.

तरी आकडे माहीत असलेले बरे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना दिल्या. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास स्क्रीन, त्याहून कमी असेल तर उत्तम. आपल्या देशातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं, इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचं, सांगणंही तसंच आहे : दोन वर्षांखाली अजिबात नाही, पाचपर्यंत कमाल एक तास आणि तोही मोठं माणूस शेजारी असताना, पाच ते दहा वर्षांच्या मुलांना दोन तासांपेक्षा कमी. त्याच सूचनांमध्ये आणखी एक गोष्ट आहे, ती मला जास्त मोलाची वाटते. स्क्रीनने झोप, मैदानी खेळ, घरच्यांशी बोलणं आणि अभ्यास यांची वेळ खाऊ नये. तुमच्या मुलाने एखाद्या दिवशी दोन तासांऐवजी अडीच तास बघितलं, पण संध्याकाळभर गल्लीत खेळला, नीट जेवला आणि वेळेवर झोपला, तर मी काळजी करणार नाही. दीडच तास बघितलं, पण ते रात्री अकरानंतर पांघरुणात, तर मात्र करेन.

आता दुपारचं. सासूबाईंना यात घ्या. त्यांच्यावर राखणीचं काम टाकू नका, त्यांनाही सोबत हवीच असते. मुलगा इंग्रजी माध्यमात आहे म्हणालात, मराठी अडखळत वाचतो. जेवण झालं की त्याने आजीला ‘तरुण भारत’ मोठ्याने वाचून दाखवायचा. सगळा नाही, आजी सांगेल त्या दोन-तीन बातम्या. आजीचे डोळे अधू असतील तर तिला खरोखरच त्याची गरज असते, आणि आपली गरज आहे हे मुलांना लगेच कळतं. अडखळला तर आजी शब्द सांगेल. गणपत गल्लीतल्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन लहान मुलांच्या पुस्तकांची चौकशी करा. दीडशे वर्षांहून जुनी संस्था आहे आणि आपल्या मुलांनी तिचा उंबरा ओलांडलेला नसतो, याचं मला फार वाईट वाटतं.

वाचन अर्धा तास चालेल. पुढे तो “कंटाळा आला” म्हणेल. तेव्हा धावून जाऊ नका. कॅरम, पत्ते, रंग, जुने खोके, सुतळी असं काहीबाही त्याच्या हाताशी राहू दे आणि तुम्ही आपलं काम करा. पहिले चार-पाच दिवस तो पायात घुटमळेल, “दे की गं आई, पाचच मिनटं” म्हणून जीव खाईल. मुलांचा खेळ कंटाळ्यातूनच सुरू होतो, पण त्याला वेळ लागतो. आपण त्या मधल्या वेळेत मोबाइल हातात दिला की खेळ सुरूच होत नाही. फक्त मागापाशी खेळायला देऊ नका. आवाजात हाक ऐकू येत नाही आणि धोटा उडण्याची भीती असते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

जमलं तर गल्लीतल्या तीन-चार घरांनी दुपारी वाटून घ्याव्यात. आज तुमच्याकडे चार मुलं, उद्या समोरच्यांकडे. एका मुलापेक्षा चार मुलं सांभाळणं सोपं, कारण ती एकमेकांना सांभाळतात. शेजारचं घर कन्नड असेल तर फारच चांगलं. वर्गात वर्षभर घोकून जे कन्नड जिभेवर बसत नाही, ते लगोरीच्या भांडणात महिन्याभरात येतं. पैसे भरून समर कॅम्पला पाठवण्यापेक्षा मला हे बरं वाटतं. पंधरा दिवसांचा कॅम्प संपला की मूल पुन्हा एकटंच, गल्ली मात्र कायम राहते.

संध्याकाळी बाहेर काढायचंच. मुलं रोज उघड्यावर उजेडात खेळली तर लांबचं अंधुक दिसून चष्मा लागण्याचा धोका कमी होतो, असं डोळ्यांवरच्या बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. आपली हवा यात मदत करते. पुढे सोलापूर, विजापूरकडे मे महिन्यात संध्याकाळीही झळा लागतात, इथे चार-साडेचारनंतर वारं सुटतं आणि वळीव पडून गेला की आणखी गार होतं. वैशाखातली शिवजयंतीही याच दिवसांत येते. मंडळं चित्ररथासाठी सजीव देखावे बसवतात, सरावाला मुलं लागतातच. मुलाला मावळ्याचं काम मिळवून द्या. आठ-पंधरा दिवस संध्याकाळी तो कुठे आहे, याची काळजीच राहणार नाही. फक्त रात्री उशिरापर्यंत डॉल्बीपाशी थांबू देऊ नका.

मे महिन्यात भावंडं मोकळी झाली की त्याला गावी पाठवा. बेळगावच्या पश्चिमेला किंवा खानापूर तालुक्यात कुणी नातेवाईक असतील तर काजूची बोंडं, करवंदं, फणस, जांभळं यांच्या मागे मुलं दिवसभर हिंडतात. विहिरीत पोहायला शिकण्याचे दिवसही हेच. पण पट्टीचा पोहणारा मोठा माणूस पाण्यात उतरलेला असेल तरच. काठावर बसून लक्ष ठेवतो म्हणणाऱ्यावर विसंबू नका.

एवढी सोय लावल्यावर मोबाइलचे नियम. ते मुलाला बसवून, त्याच्याशी बोलून ठरवा आणि वहीच्या पानावर त्याच्याच हाताने लिहून घ्या. वेळ ठरलेली असावी. समजा सकाळी अंघोळ-नाश्ता झाल्यावर पाऊण तास आणि संध्याकाळी खेळून आल्यावर पाऊण तास. दुपारी नाही, जेवताना नाही, अंथरुणात नाही. जागाही ठरलेली, खाली सोप्यात, सगळ्यांसमोर. वरच्या खोलीत मोबाइल जाणारच नाही. एवढ्या एका नियमाने निम्मं काम होतं.

आदळआपट का होते, तेही समजून घ्या. गेम मधेच तोडला की त्याचा डाव बुडतो, जोडीदार हरतात, आणि त्याला ते आपल्याला वाटतं त्याहून फार मोठं असतं. म्हणून घड्याळ दाखवून हिसकावू नका. “ही मॅच संपली की बंद” म्हणा, आणि एक मॅच साधारण किती वेळ चालते ते त्यालाच विचारून ठेवा. कार्टूनचं तसंच, भाग संपला की बंद. छोट्या व्हिडिओंना मात्र शेवटच नसतो. एक संपायच्या आत दुसरा सुरू, थांबायला जागाच नाही. मोठ्यांनाही थांबता येत नाही तिथे नऊ वर्षांच्या पोराने कसं थांबावं? शॉर्ट्स आणि रील्स या वयात पूर्ण बंद, यावर मी तडजोड करणार नाही. दुसरं काहीही बघू दे, पण ज्याला शेवट आहे असं.

मोबाइलमधल्या सोयी वापरा, पण त्यांच्या मर्यादा ओळखून. गूगलच्या फॅमिली लिंकमध्ये रोजची वेळ ठरवता येते, रात्री फोन आपोआप बंद होतो, नवीन ॲप तुमच्या परवानगीशिवाय येत नाही. मात्र त्यासाठी फोनवर मुलाचं स्वतःचं खातं लागतं. तो तुमचा किंवा आजीचा फोन वापरतो, तिथे याचा उपयोग नाही. अशा फोनच्या सेटिंगमध्ये ‘ॲप पिनिंग’ शोधा. तिथली पिन विचारण्याची सोय चालू करून एक ॲप पिन केलं की तुमचा पिन घातल्याशिवाय दुसरीकडे जाता येत नाही. यूट्यूबमधलं ऑटोप्ले बंद करा. धाकटीसाठी यूट्यूब किड्स घ्या, त्यात टायमर आहे आणि शोधण्याची सोय बंद करता येते. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल असं करून ठेवा. तुमच्या फोनवर पैसे पाठवायचं ॲप असेल तर त्याचा पिन मुलाला माहीत नसावा. गेममधली शस्त्रं आणि कपडे विकत घेण्यात घरचे पैसे गेल्याची उदाहरणं आपल्याच भागात ऐकली आहेत.

आयपीएलचा प्रश्न दरवर्षी येतो. सामना साडेसातला सुरू होऊन अकरा ओलांडतो. माझं मत, मोबाइलवर एकट्याने बघू देऊ नका, टीव्हीवर बाबांबरोबर बघू द्या. पहिला डाव बघायचा आणि झोपायचं, निकाल सकाळी पेपरात. बाबा शेजारी बसून खेळ समजावतात तो वेळ मी मोबाइलच्या हिशेबात धरत नाही.

धाकटीचं वेगळं बघावं लागेल. मोबाइल बघत खाणाऱ्या मुलाला पोट भरलेलं कळत नाही आणि चवही लागत नाही, तोंड आपोआप उघडतं एवढंच. एकदम बंद केलंत तर दोन-तीन दिवस कमी खाईल. खाऊ दे कमी. धडधाकट मूल भूक लागल्यावर खातं. वजन आधीच कमी असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून मगच सुरुवात करा. तिला सगळ्यांबरोबर पंगतीला बसवा, ताटात थोडं वाढा, हाताने खाऊ द्या, सांडू द्या. सासूबाईंना हे आधी नीट समजावून सांगा, कारण नातीने दोन घास कमी खाल्ले तर सगळ्यात जास्त जीव त्यांचा तुटतो. चूक काढल्यासारखं बोलू नका. “तुम्ही पूर्वी चिऊकाऊची गोष्ट सांगून भरवायचा, तशी हिला भरवा” म्हणा.

रात्री नऊनंतर घरातले सगळे फोन सोप्यातल्या फळीवर चार्जिंगला. सगळे म्हणजे मिस्टरांचाही. कामावरून दमून आल्यावर त्यांना थोडं बघावंसं वाटणार, ते त्यांनी नऊच्या आत बघावं. बाप पलंगावर पडून रील्स बघतोय आणि पोराला नियम, हे कुठल्याच घरात टिकलेलं मी बघितलेलं नाही.

पहिला आठवडा अवघड जाईल. दहा-बारा दिवसांनीही तो रात्री गुपचूप उठून मोबाइल घेत असेल, मोबाइल नसला की कुणाशी बोलत नसेल, मित्रांकडे जाणंच सोडलं असेल किंवा अंगावर धावून येत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा, लाजू नका. बाकी मे च्या शेवटच्या आठवड्यात झोपेची वेळ रोज थोडी अलीकडे आणा, नाहीतर शाळेच्या पहिल्या दिवशी उठवताना रडारड होते. आणि त्याच आठवड्यात त्याचे डोळे एकदा तपासून घ्या. फळ्यावरचं दिसत नाही हे मुलं स्वतःहून सांगत नाहीत, आम्हाला ते वहीत उतरवलेल्या चुकीच्या अक्षरांवरून कळतं, आणि तोवर सहामाही आलेली असते.