मेकरस्पेस सुरू केली तर ती टिकेल कशी?

तुम्ही लिहिलंय की दहा-बारा उत्साही माणसं जमली आहेत, लेझर कटर देणगीत मिळतोय, तर मेकरस्पेस, म्हणजे यंत्रं आणि हत्यारं सामायिक वापरायची कार्यशाळा, सुरू करावी का आणि ती टिकेल का. मशीन मिळतंय एवढ्यावर सुरू करू नका. भाडं आणि वीजबिल दर महिन्याला निव्वळ सभासदांच्या वर्गणीतून निघतंय का ते आधी बघा. निघत नसेल तर लहान जागा घ्या.

मी अशाच एका जागेचा हिशेब सांभाळतो, म्हणून ठामपणे सांगतो. वस्तूंसाठी देणगी मिळते, भाड्यासाठी क्वचितच. शिवाय वस्तूमागे खर्च येतोच. लेझरची ट्यूब वापराने संपते, लेन्स आणि आरसे पुसत राहावे लागतात, धूर बाहेर काढायची सोय लागते. त्यामुळे प्रत्येक मशीनची जबाबदारी घेणारा एक माणूस ठरलेला हवा. तो नसेल तर फुकटचं मशीनही नाकारा. जड जातं, पण बंद मशीनांचा ढीग बघून नवा माणूस परत फिरकत नाही.

अमेरिकेतली टेकशॉप ही मेकरस्पेसची साखळी २००६ मध्ये सुरू झाली. तिथे उत्तम यंत्रं होती, देशभर शाखा होत्या, तरी नोव्हेंबर २०१७ मध्ये सगळ्या एकदम बंद झाल्या. नफ्यासाठी चालवलेलं असं जाळं बाहेरच्या मदतीशिवाय तग धरू शकत नाही, हे कंपनीनेच तेव्हा कबूल केलं. याउलट बर्लिनमधली सी-बेस ही सभासदांची संस्था १९९५ पासून चालू आहे.

पैशाइतकीच माणसांची सवय महत्त्वाची. येन्स ओलिश आणि लार्स वायलर या जर्मन हॅकरांनी २००७ मध्ये हॅकरस्पेस, म्हणजे तंत्रज्ञानाची आवड असणाऱ्यांची मेकरस्पेससारखीच सामायिक जागा, चालवण्याचे अनुभवाचे नियम मांडले होते. त्यातला माझा आवडता नियम बैठकीचा: कुठलाही वार कुणाला तरी गैरसोयीचा असतोच, तेव्हा वाद न घालता मंगळवार ठरवा. साधा वाटतो, पण फार खरा आहे. दर आठवड्याला त्याच वेळी दार उघडं असलं की लोक न विचारता येतात.

आणि दार उघडणारा एकच माणूस नको. किल्ल्या, बँकेचं खातं, पासवर्ड हे सगळं किमान तिघांकडे असू द्या. दोघं-तिघंच झाडलोट, हिशेब, भांडणं मिटवणं सगळं करत असतील, तर ते थकतात आणि त्यांच्याबरोबर जागाही जाते. पदं दरवर्षी बदला. जुना माणूस अजून आनंदात असतानाच नव्याला काम शिकवायला लावा.