आधी बहिणीला फोन कर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

बाबांच्या मालमत्तेचं काय करायचं, बक्षीसपत्र, मृत्युपत्र की ट्रस्ट, असं तू विचारलंस. यातलं बहिणीला काय माहीत आहे, असं मी विचारल्यावर मात्र चहाच्या कपात बघत बसलास. म्हणून लिहिते आहे. तोंडावर बोलले असते तर आवाज चढला असता.

आधी पुण्याला बहिणीला फोन कर. मग वकील.

बाबा म्हणतात, सगळं तुझ्या नावावर बक्षीस करून टाकतो, पुढे भानगड नको. त्यांच्या मनात वारसा कराचीही धास्ती आहे. तो कर 1985 सालीच गेला, त्यासाठी आज धावपळ नको. बक्षीसपत्र मात्र एकदा स्टॅम्प भरून नोंदवलं की घर त्यांचं राहत नाही, आणि पुढे बिनसलं तर परत मिळवणं महाकठीण. मुलाने सांभाळायचं ही अट त्या कागदातच असेल तर 2007च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचा आधार मिळतो. तू गुणी आहेस रे. पण गुणी मुलाच्या बापानेही डोक्यावरचं छप्पर हयातीत देऊ नये. मृत्युपत्र करावं, शुद्धीत असेतो ते बदलता येतं.

शिवाय देणारे बाबा एकटे कोण? बडोद्याच्या दांडिया बाजारातला वाडा पणजोबांपासूनचा, कधी वाटणी न झालेला. तो एकत्र कुटुंबाचा ठरला तर बहिणीचा त्यात जन्मानेच हक्क. 2005च्या दुरुस्तीने तो दिला, 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने उरलीसुरली शंकाही काढली. आजोबांकडून आलं ते सगळंच वडिलोपार्जित असतं असं नाही, तेव्हा जुने कागद काढून वकिलाला दाखव. अलकापुरीचा फ्लॅट बाबांच्या कमाईचा. तो त्यांनी मृत्युपत्राने हव्या त्याला द्यावा. पण तेही तिला कळू दे. त्यांच्याच तोंडून.

शेअर्सना नॉमिनी मी आहे, असं तू ऐटीत सांगितलंस. नॉमिनीच्या हाती पडतं, मालक वारसच राहतात; शेअर्सबाबत सर्वोच्च न्यायालयाने हे डिसेंबर 2023मध्ये स्पष्ट केलं. बँकेत मयत खात्यांच्या टेबलावर माझी नोकरी गेली. हे वाक्य ऐकताना सख्ख्या भावांचे चेहरे कसे होतात ते मी पाहिलंय.

आता माझं. माझे वडील मृत्युपत्र न करता गेले. तेरावा झाला आणि भाऊ म्हणाले, "ताई, हक्क कमी करून दे, सगळ्याच बहिणी देतात." कागद टाइप होऊन आलेला होता. मी म्हटलं, आईलाही बसवा, तिचाही वाटा आहे. काय काय आहे ते मांडा, मग मी काय सोडायचं ते मी ठरवीन. तेव्हापासून भाऊबीज बंद. वाडीत अजून बोलतात, हिने दोन खोल्यांसाठी माहेर तोडलं. बोलोत. आई शेवटपर्यंत आपल्या खोलीत राहिली, तिला कुणी हलवू शकलं नाही, ते का, हे कुणी बोलत नाही. आधी विचारलं असतं तर मी कदाचित सगळं सोडलं असतं. कदाचित नसतंही. पण टाइप केलेल्या कागदावर मी आजही सही करणार नाही.

आणि वकिलाने सगळं निभतं असं समजू नकोस. गायकवाडांच्या लक्ष्मीविलास राजवाड्यात वकिलांची काय वानवा होती? महाराज फत्तेसिंहराव 1988 साली गेले, घरच्या मालमत्तेचा समेट व्हायला 2013 उजाडलं.

मृत्युपत्राचं अवघड काही नाही. दोन साक्षीदार, ज्यांना त्यातून काही मिळायचं नाही असे, आणि बाबांची सही त्यांच्या देखत. डॉक्टरचा दाखला जोडा. नोंदणी सक्तीची नाही, तरी करा. आईला हयातभर राहायचा हक्क वेगळा लिहा. "तू सांभाळशीलच" यावर ते सोडू नका.

बहीण नाही म्हणाली तर, असं मनात येतंय ना? तर नाही म्हणाली. वाटा तिचा आहे, नाही म्हणायचा अधिकारही तिचाच.

वकिलांकडे शुक्रवारची वेळ मागून ठेवते. तोवर फोन झाला नसेल तर येऊ नकोस.

तुझी,
काकू