कॅज्युअल्टीतल्या गर्दीचा अंदाज: सुरुवातीला एवढंच कर

अंदाज बांधणारं कॉम्प्युटर मॉडेल राहू दे बाजूला. आधी ठाण्यातल्या तुझ्या हॉस्पिटलचं कॅज्युअल्टी रजिस्टर तासावारी मांड. गेल्या सोमवारी रात्री आठला जेवढे पेशंट, तेवढेच या सोमवारी, हा झाला पहिला अंदाज. त्याला हरवणं वाटतं तितकं सोपं नाही!

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- फक्त आलेले पेशंट मोजतात, अडकलेले राहून जातात. वॉर्डात खाट रिकामी नसली की ॲडमिट केलेलाही कॅज्युअल्टीतच स्ट्रेचरवर पडून राहतो. गर्दी बरीचशी त्यांची.
- शिकवायच्या आणि तपासायच्या नोंदी वेगळ्या करताना पत्त्यांसारख्या पिसतात. मॉडेलला जुन्या महिन्यांवर शिकव, नंतरच्यांवर तपास.
- दहीहंडी इंग्रजी तारखेने धरतात. ती तिथीने सरकते, आणि जखमी गोविंदाही तिच्याबरोबर.

डेंग्यू, लेप्टो, पावसाचे आकडे नंतर बघू. अडलास तर रजिस्टरचे रकाने पाठव, पेशंटची नावं काढून.